लायसन्सवर दंडाचे ९ पॉइंट्स आधीच आहेत, आता कोर्टाचं पत्र आलंय. गाडी चालवण्यावरची सहा महिन्यांची बंदी टळू शकते का?

सावली७९

मंडळी, चार वर्षं इथे नुसती वाचून जाते, स्वतःचा प्रश्न पहिल्यांदाच टाकतेय. शनिवारपासून झोप नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये डिस्ट्रिक्ट नर्स आहे. म्हणजे वॉर्ड नाही, गावोगाव पेशंटच्या घरी जायचं. दिवसाला आठ-नऊ घरं. कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग, कुणाचा कॅथेटर. शेवटच्या दिवसांतले जे असतात त्यांचा सिरिंज ड्रायव्हर (हळूहळू औषध सोडणारं छोटं यंत्र) रोज नव्याने भरायचा. साठ-सत्तर मैल सहज होतात, आणि या गावांना बस म्हणाल तर सकाळी एक, दुपारी एक.

२२ मे २०२५ ला, गुरुवारी, सकाळी सात-वीसला एका गावात शिरताना कॅमेरा व्हॅनने मला टिपलं. ताशी ६० मैलांचा रस्ता तिथे ३० चा होतो. माझा वेग ४३. पाटी स्वच्छ दिसते, झाडाआड वगैरे नाही, आणि मी आठवड्यातून चारदा तिथून जाते. कुणी अत्यवस्थ नव्हतं. घरून निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला होता आणि पहिल्या घरचे आजोबा इन्सुलिन होईपर्यंत नाश्ता करत नाहीत, वाट बघत बसतात. तेवढंच डोक्यात होतं. ही सबब म्हणून सांगत नाहीये, झालं ते सांगतेय.

आठवड्याभरात नोटीस आली, गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवा. तेव्हा भारतातून दीर आले होते. ते म्हणाले, "वहिनी, माझं नाव टाका, मी परवा परत जातोय, माझं काय बिघडणार?" मायेनेच म्हणाले. मी त्याच संध्याकाळी माझं नाव लिहून पत्र पोस्टात टाकलं.

लायसन्सवर आधीच ९ पॉइंट्स आहेत. जून २०२२, नोव्हेंबर २०२३ आणि ऑगस्ट २०२४, प्रत्येकी ३, तिन्ही वेगाचेच. त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पॉइंट्सऐवजी देतात तो स्पीड अवेअरनेस कोर्स करून झालाय. लिहितानाही लाज वाटते.

आता सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस आली आहे, म्हणजे कोर्टात न जाता एकच मॅजिस्ट्रेट कागदांवरून निकाल देऊ शकतो. २१ दिवसांत उत्तर द्यायचं. गुन्हा कबूल आहे का, कबूल असेल तर कोर्टात यायचंय का, असे पर्याय आहेत. १२ पॉइंट्स झाले की किमान सहा महिने बंदी, एवढं मला कळतं.

घरचं सांगते. माझ्या नवऱ्याला गेल्या सप्टेंबरात पहिली फिट आली, फेब्रुवारीत दुसरी. दुसऱ्या वेळी मी बाथरूममधून धावत आले तर तो जमिनीवर होता, डोकं रेडिएटरच्या कडेला, आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्या डोक्याखाली उशी सरकवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होता. मी त्याला तसं शिकवून ठेवलं होतं. नवऱ्याचं लायसन्स तेव्हापासून डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे, जमा आहे. सलग बारा महिने फिट आली नाही तरच परत मिळण्याची शक्यता. मुलाची शाळा सहा मैलांवर, नवऱ्याचं न्यूरॉलॉजीचं हॉस्पिटल अठ्ठावीस मैलांवर. घरात गाडी चालवणारी मी एकटी.

पोस्टाने गुन्हा कबूल करून दंड भरून टाकावा का? की कोर्टात जावं? एका मैत्रिणीने सुचवलं की पॉइंट्सऐवजी पंधरा दिवसांची छोटी बंदी मागून घे, म्हणजे १२ होणारच नाहीत. असं चालतं का? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

गणिती

ताई, सगळ्यात आधी तारखा काढा. तीन वर्षं मोजतात ती गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. कोर्टाची किंवा पॉइंट्स नोंदवल्याची तारीख इथे धरत नाहीत. पॉइंट्स लायसन्सवर चार वर्षं दिसतात, पण टॉटिंगसाठी, म्हणजे १२ ची बेरीज करून बंदी ठरवताना, तीनच वर्षांतले मोजले जातात. जून २०२२ चा गुन्हा नेमका कोणत्या तारखेचा?

सावली७९

आत्ता डीव्हीएलएच्या साइटवर पाहिलं. १० जून २०२२. म्हणजे १९ दिवसांनी आत बसतो. मे महिन्यातला तो गुरुवार तीन आठवडे पुढे असता तर... जाऊ दे.

गणिती

मग ९ पक्के. अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. ३० च्या हद्दीत कोर्स साधारण ४२ पर्यंत देतात. तुम्ही ४३. आधीच्या कोर्सला तीन वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे एक मैल कमी असता तर कदाचित कोर्सवर भागलं असतं. आणि ९ पॉइंट्स नसते तर ४३ ला घरबसल्या १०० पौंड आणि ३ पॉइंट्स. ती फिक्स्ड पेनल्टी तुम्हाला देता येत नाही, कारण ३ मिळाले की १२ होतात, आणि बंदीचा निर्णय कोर्टानेच घ्यावा लागतो. म्हणून हे पत्र आलंय, पोलिसांनी तुमच्यावर डूख धरलाय असं समजू नका.

पायी_सहा_महिने

सावलीताई, मी २०१९ मध्ये यातून गेलोय आणि हरलोय. का हरलो ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल.

माझेही ९ होते. मी गोदामात शिफ्ट मॅनेजर, पहाटे चारची शिफ्ट. कोर्टात एकच मुद्दा मांडला: लायसन्स गेलं तर नोकरी जाईल. साहेबांचं दोन ओळींचं पत्र नेलं होतं. सरकारी वकिलीणबाईंनी शांतपणे विचारलं, गोदामापासून चार मैलांवर खोली भाड्याने घेण्याचा विचार केलात का? सहकाऱ्यांपैकी कुणी तुमच्या बाजूला राहतं का? सायकल? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण मी तो विचारच केला नव्हता. दहा मिनिटांत निकाल. सहा महिने.

आणि ऐका, बंदी त्या क्षणापासून लागू होते. मी गाडी घेऊन गेलो होतो. कोर्टाच्या मागच्या पार्किंगमध्ये किल्ली हातात घेऊन उभा होतो आणि गाडीला हात लावायची सोय नव्हती. बायको ट्रेनने येऊन गाडी घेऊन गेली. बंदी असताना गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, विमा नसल्याचा गुन्हा वेगळा. तुमच्याकडे तर गाडी परत आणायलाही दुसरं कुणी नाही. बसने जा.

दुसरं, ड्यूटी सॉलिसिटर (कोर्टातच मिळणारा मोफत वकील) मिळेल या भरवशावर राहू नका. ज्या गुन्ह्याला तुरुंगवास नाही त्याला तो सहसा मिळत नाही. वकील हवा तर स्वतः आधी शोधायचा. माझ्याकडे नव्हता.

सहा महिने निघतात. जानेवारीतल्या अंधारात हायवेच्या कडेने चालताना अंगावरून जाणाऱ्या लॉरीचा वारा कसा ढकलतो ते मला तेव्हा कळलं. पण माझी मुलं मोठी होती आणि घरात दुसरं लायसन्स होतं. तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा खरंच वेगळी आहे. ती नीट मांडा.

ठामपणे

दिराचं नाव टाकलं नाहीत ते फार चांगलं केलंत. हे धाग्यात कुणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं, कारण "पाहुण्याचं नाव टाक" हा सल्ला मी आपल्या लोकांत किमान पाच ठिकाणी ऐकलाय. तो वेगाचा गुन्हा राहत नाही, न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याचा होतो आणि त्याला तुरुंग आहे. क्रिस ह्यून ब्रिटनचा ऊर्जामंत्री होता. २००३ सालचे वेगाचे पॉइंट्स त्याच्या बायकोने, विकी प्राइसने, स्वतःच्या नावावर घेतले होते. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तीन पॉइंट्सपायी मंत्रिपदही गेलं.

निवृत्त_बेंच

मी मिडलँड्समध्ये सतरा वर्षं मॅजिस्ट्रेट होतो. बिनपगारी काम, आठवड्याची एक सुट्टी त्यात जायची. आता निवृत्त आहे. हा कायदेशीर सल्ला नाही, बाकाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगतो.

मैत्रिणीचा छोट्या बंदीचा उपाय चालणार नाही. ३० च्या हद्दीत ४१ ते ५० या वेगाला ४ ते ६ पॉइंट्स किंवा ७ ते २८ दिवसांची बंदी, हे खरं. पण पॉइंट्स दिल्यास टॉटिंग होणार असेल तर कोर्टाने छोटी बंदी न देता पॉइंट्सच द्यावेत, असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. नाहीतर ज्याच्यावर जास्त पॉइंट्स तोच कमी शिक्षेत सुटेल. ते मागायला जाऊ नका, वाईट दिसतं.

गुन्हा कबूल करा आणि "कोर्टात यायचं आहे" हा पर्याय निवडा. लवकर कबूल केल्याने दंड एक तृतीयांश कमी होतो. या वेगाला दंड साधारण एका आठवड्याच्या हातात येणाऱ्या पगाराइतका. तुमचे ४८० पौंड धरले तर ३२०, त्यावर ४० टक्के सरचार्ज म्हणजे १२८, आणि खर्च वेगळा. दंडाची काळजी करू नका, खरा विषय तो नाहीच.

विषय आहे 'एक्सेप्शनल हार्डशिप', म्हणजे बंदीमुळे ओढवणारा असाधारण त्रास. तो पटला तर कोर्ट बंदी टाळू शकतं. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स अ‍ॅक्टचं कलम ३५. त्यात तीन गोष्टी विचारात घ्यायलाच मनाई आहे. गुन्हा किरकोळ होता हे सांगणं. साधा, कुणालाही होईल असा त्रास. आणि मागच्या तीन वर्षांत एकदा सांगून झालेलं कारण. त्यामुळे "फक्त ४३ होता, रस्ता रिकामा होता" यातलं एक अक्षरही नको. ३० ला गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ४० ला ३६. हायवे कोड या रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकातलेच आकडे. बाकावरच्या प्रत्येकाला ते पाठ असतात.

तुम्ही शपथेवर साक्ष द्याल. मग सरकारी वकील प्रश्न विचारेल, मग आम्ही. नोकरी जाणं एवढ्याने भागत नाही, ते वर 'पायी' यांनी लिहिलंच आहे. आम्ही बघायचो की ज्यांचा काही दोष नाही अशा माणसांवर काय ओढवेल. तुमच्या बाबतीत मुलगा, नवरा आणि पेशंट. पण नुसतं सांगून चालत नाही, कागद लागतो. डीव्हीएलएचं नवऱ्याला आलेलं पत्र, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, अपॉइंटमेंटच्या तारखा, बसचं वेळापत्रक छापून, टॅक्सीवाल्याकडून लेखी दर, बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंट्स, आणि मॅनेजरचं पत्र. त्या पत्रात "त्या चांगल्या नर्स आहेत" नको. तुम्ही गाडीशिवाय कोणतं काम करू शकाल, क्लिनिकमध्ये जागा आहे का, तुमची घरं दुसरं कोण घेऊ शकेल, हे हवं. पेशंटची नावं आणि पत्ते कुठेही येऊ देऊ नका, फक्त आकडे.

आता एक प्रश्न मी बाकावर असतो तर नक्की विचारला असता, म्हणून आजच विचारतो. फेब्रुवारीत दुसरी फिट आली, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत बारा महिने होतील. सुनावणी नोव्हेंबरच्या आसपास लागेल. म्हणजे तुमच्या नवऱ्याला लायसन्स मिळेपर्यंत तीनच महिने काढायचे आहेत ना? मग यात एक्सेप्शनल काय?

याचं उत्तर तयार ठेवा. आणि दुसरा प्रश्न याहून कठीण: ९ पॉइंट्स असताना, नवरा गाडी चालवू शकत नाही हे माहीत असताना, तुम्ही ४३ ने का गेलात?

सावली७९

काका, दुसऱ्या प्रश्नाने रडू आलं. राग नाही, तो प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

पहिल्याचं उत्तर शोधलं. न्यूरॉलॉजीच्या नर्सशी बोलले. जूनमध्ये नवऱ्याची गोळी बदलली आहे, अजून डोस वाढतोय. बारा महिने पूर्ण झाले तरी अर्ज, डॉक्टरांचा अहवाल आणि डीव्हीएलएचा निर्णय यात किती वेळ जाईल ते कुणीच लिहून द्यायला तयार नाही. तेवढंच पत्रात मागितलंय, "फेब्रुवारीत लायसन्स मिळेलच असं गृहीत धरता येणार नाही."

टॅक्सीचा दर मागवला. शाळेची ने-आण आणि माझी राउंड धरून महिन्याचा आकडा माझ्या पगाराच्या पुढे जातो. सिरिंज ड्रायव्हर भरायचं प्रशिक्षण आमच्या टीममध्ये आणखी दोघींना आहे, पण त्यांच्या याद्या भरलेल्या. मॅनेजरने तसं आकड्यांसह लिहून दिलं. क्लिनिकमध्ये जागा आहे, आठवड्याला फक्त एक दिवसाची. तेही लिहायला सांगितलं. लपवलं तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडेल.

पायी_सहा_महिने

तो एक दिवस लिहिलात ते उत्तम. माझ्या केसमध्ये अशी गोष्ट वकिलीणबाईंनी बाहेर काढली होती, मी नाही.

मिडवे_वाचक

एक बाजूचा मुद्दा. तुम्ही अजून व्हिसावर असाल किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर लक्षात ठेवा, कोर्टाने दोषी ठरवलं की ती शिक्षा अर्जात लिहावी लागते. न लिहिणं हे वेगापेक्षा जास्त महागात पडतं. विमा कंपनी विचारेल तेव्हा पाच वर्षं सांगावं लागेल.

सावली७९

कालची, १८ नोव्हेंबरची सुनावणी झाली. लिहीन म्हटलं होतं म्हणून लिहितेय.

सकाळची बस पकडून गेले, दीड तास आधी पोचले. वकील परवडला नाही. बाकावर तिघं, मध्ये पांढऱ्या केसांच्या बाई. हात इतके थरथरत होते की शपथेचं कार्ड टेबलावर ठेवून वाचलं.

सगळं काकांनी सांगितलं तसंच घडलं. "तीन महिन्यांनी तुमचे पती गाडी चालवतील ना?" हा प्रश्न सरकारी वकिलाने जवळजवळ त्याच शब्दांत विचारला. मी न्यूरॉलॉजीचं पत्र पुढे केलं. मग त्यांनी शाळेच्या दुसऱ्या पालकांबद्दल विचारलं. आमच्या गावातून त्या शाळेत जाणारं दुसरं मूल नाही, शाळेकडून तसं लिहून आणलं होतं. पेशंटबद्दल विचारल्यावर मॅनेजरचे आकडे वाचले.

मग मधल्या बाईंनी विचारलं, "तीनदा पॉइंट्स मिळाल्यावर तुम्ही नेमकं काय बदललंत?"

खरं ते सांगितलं. तीनही वेळा काहीच बदललं नव्हतं. दंड भरला, आठवडाभर जपून चालवलं आणि परत तेच. मे महिन्यानंतर बदललं. गाडीतला स्पीड लिमिटर गावात शिरण्याआधी ३० वर लावते. मॅनेजरशी भांडून सकाळच्या यादीतलं एक घर दुपारी ढकललं, कारण ती सगळी घरं साडेदहापर्यंत करायची तर मधल्या रस्त्यात पळावंच लागतं, आणि ते मी दोन वर्षं कुणाला बोलले नव्हते. इन्सुलिनवाल्या आजोबांना वेळ सव्वासातऐवजी साडेसात सांगितली. त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

ते तिघे आत गेले. पंचवीस मिनिटं. परत आल्यावर बाई म्हणाल्या की नोकरीचा मुद्दा त्यांनी मान्य केलेला नाही, बऱ्याच लोकांची नोकरी जाते. पण मुलाची शाळा आणि नवऱ्याचं आजारपण, दोन्ही एकाच माणसावर अवलंबून आहेत आणि दुसरा मार्ग नाही हे कागदांवरून पटलं. बंदी नाही. ४ पॉइंट्स, म्हणजे आता १३. दंड, सरचार्ज आणि खर्च. आणि पुढच्या तीन वर्षांत हेच कारण परत सांगता येणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "बस कितीची आहे?" दोन-दहाची होती. मी स्टॉपवर बसून 'निवृत्त_बेंच' काकांचा प्रतिसाद पुन्हा एकदा वाचला. काका, तुम्ही ते दोन प्रश्न आधी विचारले नसते तर मी तिथे उभी राहून नुसती रडले असते. 'पायी' दादा, तुमचंही ऋण आहे.

आज सकाळी त्या गावात ३० ने शिरले. मागचा व्हॅनवाला अगदी चिकटून होता, दिवे मारत होता. मारू दिले. आजोबांकडे सात-अठ्ठावीसला पोचले.